नवी इलेक्ट्रिक कार लोकांपर्यंत नेताना: जाहिरातीआधीची कामं, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नव्या इलेक्ट्रिक कारचा प्रचार बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी फिल्म, मग होर्डिंग, मग लाँचचा झगमगाट. शोरूममध्ये गर्दी झाली की धावपळ सुरू होते: घरी चार्जर कोण बसवून देणार, महामार्गावर गाडी नक्की किती जाते, डेमो गाडी चार्ज आहे का. उत्सुकतेने आलेला माणूस तीन साधे प्रश्न विचारतो, तीन जणांकडून तीन वेगळी उत्तरं ऐकतो आणि निघून जातो. जाहिरातीवर केलेला सगळा खर्च त्याला ही निराशा दाखवायलाच कामी आला, असं होतं.

हा लेख कंपनीच्या प्रचार विभागासाठी, वितरकांसाठी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या जाहिरात संस्थांसाठी आहे. त्यामागचा विचार एकच आहे. इंधनावरची गाडी घेताना माणूस दोन गाड्यांची तुलना करतो. पहिल्यांदा इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस मात्र स्वतःचा दिनक्रम तपासत असतो. ही माझ्या घरी चार्ज होईल का, माझ्या रस्त्याला पुरेल का, सुट्टीत गावाला नेता येईल का? त्याला ही तपासणी नीट करता यावी, हेच प्रचाराचं काम आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये जाहिरात सहाव्या क्रमांकावर येते.

## पायरी १: आकड्यांचा एकच कागद

सगळ्यात आधी एक कागद तयार करा. त्यावर गाडीबद्दल बाहेर सांगितला जाणारा प्रत्येक आकडा आणि तो कोणत्या परिस्थितीतला आहे हे लिहा. कागदाची जबाबदारी एका माणसाकडे द्या आणि अभियांत्रिकी विभागाची सही घ्या. फोनवर बोलणारे, शोरूममधले, जाहिरात लिहिणारे, सगळ्यांनी आकडा इथूनच उचलायचा. स्मरणातून सांगायचा नाही.

### रेंज

रेंज म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी जाते ते अंतर. सर्वाधिक घोळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या.

प्रमाणित चाचणीचा आकडा हा गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी असतो. युरोपात वापरली जाणारी डब्ल्यूएलटीपी चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, २३ अंश सेल्सिअसला होते. तिचं चक्र ३० मिनिटांचं आणि अंतर साधारण २३ किलोमीटरचं असतं. थांबे धरून सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास येतो. ताशी १३० किलोमीटरचा वेग अगदी शेवटी, तोही थोडाच वेळ गाठला जातो. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेची पद्धत वेगळी आहे आणि तिचा आकडा त्याच गाडीला साधारणपणे कमी येतो. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपीआधीच्या, जुन्या एनईडीसी पद्धतीचा आकडा सगळ्यांत फुगलेला असतो. आपला एका पद्धतीचा आकडा आणि स्पर्धकाचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा शेजारी छापणं ही दिशाभूल आहे, आणि जाणकार ग्राहक ती लगेच ओळखतो.

चाचणीच्या आकड्याशेजारी स्वतः मोजलेले किमान तीन आकडे हवेत: शहरातल्या रहदारीतला, महामार्गावर स्थिर वेगाचा आणि थंड हवेतला. हे आकडे वेगवेगळे का येतात, हेही दोन ओळींत लिहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून महामार्गावर वीज जास्त लागते. आणि इंजिनाच्या गाडीत वाया जाणारी उष्णता आतली हवा गरम करायला फुकट मिळते. इलेक्ट्रिक गाडीत ते काम बॅटरीतल्या विजेवर करावं लागतं, म्हणून थंडीत रेंज उतरते. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत गाडी गरम करणारी यंत्रणा, असेल तर ही घट कमी होते. तुमच्या गाडीत तो आहे, नाही, की फक्त वरच्या प्रकारात आहे, हे कागदावर स्पष्ट हवं.

हिशेब कसा मांडायचा, त्याचा एक नमुना. समजा बॅटरीची वापरता येणारी क्षमता ५० किलोवॅट-तास, म्हणजे ५० युनिट आहे. (एकूण क्षमता आणि वापरता येणारी क्षमता वेगळ्या असतात. हिशेबात नेहमी दुसरी घ्या.)

- शहरात १०० किलोमीटरला १३ युनिट लागत असतील, तर सुमारे ३८५ किलोमीटर.
- महामार्गावर १०० किलोमीटरला २० युनिट लागत असतील, तर २५० किलोमीटर.
- लांबच्या प्रवासात माणूस गाडी साधारण ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करतो आणि १० टक्क्यांवर पुन्हा थांबतो. म्हणजे दोन थांब्यांमधलं अंतर २५० च्या ७० टक्के, १७५ किलोमीटर.

हा तिसरा आकडा बहुतेक पत्रकांवर नसतो, आणि सुट्टीचा बेत आखणाऱ्या कुटुंबाला नेमका तोच लागतो. तो कमी वाटतो म्हणून लपवू नका. लपवला तरी पहिल्याच लांबच्या प्रवासात तो ग्राहकाला कळणार आहे.

आणखी एक गोष्ट कागदावर घ्या. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीसाठी अनेक कंपन्या रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करायला सांगतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारात मधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करण्याचा सल्ला देतात. जाहिरातीतली रेंज १०० टक्क्यांची आणि पुस्तिकेतला रोजचा सल्ला ८० टक्क्यांचा असेल, तर ग्राहकाला रोज मिळणारी रेंज एक पंचमांशाने कमी आहे. हे त्याने पैसे भरल्यावर पुस्तिकेत वाचावं, असं होता कामा नये.

### चार्जिंगचा वेळ

‘१५० किलोवॅट फास्ट चार्जिंग’ हा आकडा क्षणभर गाठलेल्या कमाल पातळीचा असतो. बॅटरी भरत जाते तसा वेग उतरतो, आणि ८० टक्क्यांनंतर तर तो चांगलाच मंदावतो. वरच्याच उदाहरणात १० ते ८० टक्के म्हणजे ३५ युनिट. ती अर्ध्या तासात भरली तर सरासरी ७० किलोवॅटच झाली. म्हणून किलोवॅटपेक्षा मिनिटं सांगा: किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत, कोणत्या चार्जरवर, बॅटरी किती तापमानाला असताना. थंड बॅटरी फास्ट चार्जरवरही हळू भरते. चार्जरला पोहोचण्याआधी बॅटरी आपोआप तापवण्याची सोय गाडीत असेल, तर ती कशी चालू होते तेही लिहा.

घरच्या चार्जिंगचे दोन वेळ द्या, पूर्ण भरायचा आणि रोजची भरपाई करायचा. साध्या सॉकेटवर, म्हणजे सुमारे २.३ किलोवॅटवर, ५० युनिट भरायला वाटेतला विजेचा अपव्यय धरून जवळपास २४ तास लागतात. हे ऐकून माणूस दचकतो. पण तो रोज ४० किलोमीटर चालवत असेल, तर १०० किलोमीटरला १५ युनिटच्या हिशेबाने त्याला रोज फक्त ६ युनिट भरायचे आहेत. ते तीन तासांत होतं. ७.४ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरवर तर तासाभरात. फक्त पहिला आकडा सांगितला तर कितीतरी ग्राहक विनाकारण हातचे जातात.

### खर्च

‘किलोमीटरला इतकेच पैसे’ असं छापू नका. प्रत्येकाचा विजेचा दर वेगळा, आणि घरचा दर व रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा दर यांत मोठा फरक असतो. सूत्र द्या: १०० किलोमीटरला लागणारे युनिट गुणिले तुमचा दर. ग्राहकाने स्वतःच्या बिलावरचा आकडा घालून काढलेल्या उत्तरावर त्याचा जितका विश्वास बसेल, तितका तुमच्या छापील उत्तरावर बसणार नाही.

तपासणी: कागद पाच वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांना द्या. नंतर त्यांना वेगवेगळे फोन करून ‘महामार्गावर किती जाते?’ असं विचारा. पाच सारखी उत्तरं आली तरच पुढची पायरी.

## पायरी २: गाडी रात्री कुठे उभी राहते?

लोकांची विभागणी वय, उत्पन्न, शिक्षण यावर करायची सवय आहे. इलेक्ट्रिक कारसाठी याहून कामाचा प्रश्न असा: या माणसाची गाडी रात्री कुठे उभी असते, आणि तिथे वीज आहे का?

यातून चार गट पडतात. स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथे स्वतःची वीज असलेले. इमारतीत ठरलेली जागा आहे, पण वीज सामाईक मीटरवर आहे असे. रात्री रस्त्यावर गाडी लावणारे. आणि घरी सोय नसली तरी कामाच्या ठिकाणी चार्जर असलेले.

पहिल्या गटाशी गाडीबद्दल बोला. दुसऱ्या गटाशी आधी परवानगी, वायरिंग आणि वेगळ्या मीटरबद्दल बोलावं लागतं. तिथे ग्राहकापेक्षा इमारतीची व्यवस्था पाहणारी मंडळी महत्त्वाची असतात, त्यांच्यासाठी वेगळं माहितीपत्रक करा. चौथ्या गटासाठी त्यांच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये प्रात्यक्षिक ठेवणं हे कुठल्याही होर्डिंगपेक्षा उपयोगी.

तिसऱ्या गटाबद्दल माझं स्पष्ट मत आहे: जवळपास भरवशाचा सार्वजनिक चार्जर नसेल, तर आज त्यांना गाडी विकू नका. ‘सध्या तुमच्यासाठी ही सोयीची नाही, या भागात चार्जर आला की कळवू’ असं सांगून नाव-नंबर नोंदवा. हाच माणूस दुसऱ्याला तुमच्याकडे पाठवतो. गैरसोयीत ढकललेला ग्राहक मात्र दर आठवड्याला चार्जरच्या रांगेत उभा राहून तुमच्या गाडीविरुद्ध बोलत राहतो.

## पायरी ३: चार्जिंगचं उत्तर आधी तयार ठेवा

जाहिरात जाण्याआधी ही कामं पूर्ण हवीत:

१. घरी चार्जर बसवणारी, परवानाधारक वीजतंत्रज्ञ असलेली संस्था ठरलेली. ती किती दिवसांत येऊन जागा पाहणार, चार्जरच्या किमतीत किती मीटर वायर येते, जास्त वायर लागली तर खर्च कोणाचा, अर्थिंग नसेल किंवा मंजूर भार कमी असेल तर पुढे काय, हे सगळं लेखी.

२. गाडीला कोणता प्लग चालतो याचं चित्र. टाइप २, सीसीएस, चाडेमो, एनएसीएस ही नावं नव्या ग्राहकाला काहीच सांगत नाहीत, चित्र सांगतं. गाडीबरोबर कोणती केबल मिळते आणि कोणती वेगळी घ्यावी लागते, तेही त्याच चित्राखाली.

३. लोक नेहमी जातात अशा पाच-सहा लांबच्या मार्गांची थांब्यांसकट आखणी. नकाशावर ठिपके दाखवून भागत नाही. तुमच्या माणसाने त्या प्रत्येक चार्जरवर ही गाडी प्रत्यक्ष लावून पाहिलेली असली पाहिजे.

सावधान: ‘देशभरात इतके हजार चार्जिंग पॉइंट’ अशी बेरीज जाहिरातीत वापरली जाते, आणि त्यात हळू चार्ज करणारे एसी पॉइंट, बंद पडलेले पॉइंट, हॉटेलच्या आतले, फक्त त्यांच्या पाहुण्यांसाठीचे पॉइंट सगळे धरलेले असतात. तुमच्या गाडीला फास्ट चार्ज करू शकणारे, सर्वांना खुले असलेले डीसी चार्जर तेवढेच मोजा.

## पायरी ४: विकणारी माणसं

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या विक्री प्रतिनिधीने स्वतः ही गाडी आठवडाभर वापरलेली नाही, तो अडचणीच्या पहिल्याच प्रश्नाला ग्राहकाला शेजारच्या पेट्रोल मॉडेलकडे वळवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे माहीत आहे तेच तो विकणार.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात वर्गात करू नका. प्रत्येक प्रतिनिधीला गाडी घरी न्यायला द्या. त्याने ती स्वतः चार्ज करावी, एक लांबचा प्रवास करावा, वाटेत अनोळखी चार्जरवर ॲप उघडून पैसे भरावेत. परत आल्यावर त्याला काय अडलं ते लिहून घ्या. ग्राहकही नेमके तिथेच अडणार आहेत.

प्रोत्साहन रकमेकडेही पाहा. इलेक्ट्रिक गाडी समजावून सांगायला वेळ जास्त लागतो. दोन्ही गाड्यांवर प्रतिनिधीला सारखीच रक्कम मिळत असेल, तर तो कमी वेळाची गाडी विकेल.

बॅटरीच्या हमीचं उत्तर तोंडपाठ हवं. अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत, क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. तुमची हमी नेमकी काय आहे, क्षमता कोण आणि कशी मोजणार, गाडी दुसऱ्याला विकली तर हमी पुढे चालते का, हे प्रतिनिधीने कागद न बघता सांगितलं पाहिजे. ‘बॅटरीचं काही होत नाही हो’ हे उत्तर नव्हे.

## पायरी ५: डेमो गाडी आणि टेस्ट ड्राइव्ह

संपूर्ण प्रचारात सगळ्यांत जास्त कामाची पायरी ही आहे, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होतं. माणूस कितीही वाचून आला तरी स्टिअरिंग हातात आल्यावरच त्याचं मत बनतं.

### गाडीची तयारी

बॅटरी ६० ते ८० टक्के ठेवा. गाडी चांगली दिसावी म्हणून १०० टक्के चार्ज करून आणतात, आणि तिथेच चुकतं. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ब्रेकिंगमधून परत येणारी वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत रीजनरेटिव्ह ब्रेकिंग जवळपास बंद होतं. ज्या वैशिष्ट्याबद्दल तुम्ही सांगता आहात, तेच ग्राहकाला जाणवत नाही. आणि बॅटरी २० टक्क्यांखाली असेल, तर त्याचं सगळं लक्ष उरलेल्या किलोमीटरवर.

पडद्यावरची रेंज आधी बघा. गाडी उरलेल्या रेंजचा अंदाज अलीकडच्या चालवण्यावरून बांधते. डेमो गाडी प्रत्येकाने जोरात पळवलेली असते आणि बॅटरीही पूर्ण भरलेली नसते, म्हणून तिथे आकडा पडलेला दिसतो. ‘कागदावर ३८५ आणि इथे २३० कसे?’ हा प्रश्न येणारच. दोन ड्राइव्हच्या मध्ये कर्मचाऱ्याने गाडी शांतपणे चालवावी, आणि ग्राहक बसताच ही कारणं त्याला आपणहून सांगावीत. त्याने विचारल्यावर सांगितलं की तेच स्पष्टीकरण सबबीसारखं ऐकू येतं.

बाकीचं थोडक्यात: सॉफ्टवेअर अद्ययावत, टायरमध्ये योग्य हवा, आतलं तापमान आधीच बसवलेलं, आधीच्या माणसाचा फोन ब्लूटूथमधून काढलेला, चार्जिंग केबल डिकीत.

### क्रम

१. निघण्याआधी प्लग. ग्राहकाला स्वतःच्या हाताने केबल लावू द्या आणि काढू द्या. बऱ्याच गाड्यांत दारं अनलॉक केल्याशिवाय केबल सुटत नाही. हा छोटासा अडथळा पहिल्यांदा शोरूममध्ये यावा, रात्री एकट्याने चार्जरवर उभं असताना नको.

२. रीजनची, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची, सर्वांत कमी पातळी. सुरुवातीलाच एका पेडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी चांगलीच मंदावेल अशा पातळीवर, चालवायला दिलं तर गाडी हिसके खाते आणि मागे बसलेल्यांना मळमळतं. आधी इंजिनाच्या गाडीसारखी चालवू द्या. दहा मिनिटांनी पातळी वाढवा आणि पाय हळूहळू उचलायला सांगा.

३. वेग शेवटी, तोही सांगून. मोटरचा जोर पेडल दाबताक्षणी मिळतो. सवय नसलेल्या माणसाला ‘दाबा, दाबा’ म्हणणं धोक्याचं आहे. मोकळा, सरळ रस्ता, मागे बसलेल्यांना पूर्वसूचना, आणि कायद्याच्या वेगमर्यादेतच.

४. त्याचा रोजचा रस्ता. शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. निदान ४० मिनिटं द्या. चढ, खराब रस्ता, थोडा महामार्ग आणि एकदा मागे घेऊन पार्किंग त्यात हवं. कमी वेगात गाडीतून येणारा आवाज पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी असतो. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ही सोय सक्तीची आहे. हे सांगितलं नाही तर रिव्हर्स घेताना लोकांना वाटतं गाडीत बिघाड आहे.

५. परत आल्यावर हिशेब. जाताना आणि येताना बॅटरीचे टक्के, अंतर आणि सरासरी वापर लिहा. कागद ग्राहकाला घरी न्यायला द्या. त्याच्या स्वतःच्या चालवण्यातून आलेला हा आकडा आहे.

जमेल तिथे गाडी एक रात्र घरी नेऊ द्या. घरच्या पार्किंगमध्ये केबल पोहोचते का, इथेच बरेच निर्णय होतात. ‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्यांसाठी मला याहून चांगला उपाय दिसलेला नाही.

सावधान: ग्राहकाने एकट्याने येऊ नये, असं आवर्जून सुचवा. नकार बऱ्याचदा मागच्या सीटवरून येतो. बॅटरीमुळे तळ उंच असल्याने काही गाड्यांत मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. ते घरच्यांना आधीच कळलेलं बरं.

## पायरी ६: आता जाहिरातीचा मजकूर

एका जाहिरातीत एकाच शंकेचं उत्तर द्या. रेंज, चार्जिंग, डिकी, हमी, पडदा हे सगळं एका चौकटीत कोंबलं की काहीच लक्षात राहत नाही. पायरी २ मधल्या गटाला नेमका कोणता प्रश्न पडतो ते पाहा आणि त्यालाच भिडा.

मजकूर देण्याआधी त्यात हे नाही ना, ते बघा:

‘शून्य प्रदूषण’. गाडीला धुराचा पाइप नाही, एवढंच खरं. बॅटरी बनवताना उत्सर्जन होतं आणि वीज कशापासून तयार झाली यावर पुढचा हिशेब ठरतो. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन कार कंपन्यांच्या ‘शून्य उत्सर्जन’ म्हणणाऱ्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, त्या याच कारणाने. ‘चालवताना धूर सोडत नाही’ हे वाक्य खरंही आहे आणि समजायलाही सोपं.

‘पाण्यातून बिनधास्त’. आयपी६७ म्हणजे तो भाग १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो, आणि ही चाचणी सहसा बॅटरी पॅकची असते. अख्खी गाडी तेवढ्या पाण्यातून नेता येते, असा त्याचा अर्थ नाही. गाडीसाठी पाण्याची जी खोली पुस्तिकेत दिली आहे तीच लिहा. इथली अतिशयोक्ती जिवावर बेतू शकते.

‘देखभाल नाहीच’. इंजिन ऑइल नाही, हे खरं. पण टायर, ब्रेक फ्लुइड, केबिन फिल्टर, बॅटरीचं शीतकरण, १२ व्होल्टची छोटी बॅटरी यांकडे बघावंच लागतं. गाडी जड आणि जोर तत्काळ, म्हणून टायर लवकर झिजू शकतात. ‘देखभाल कमी’ म्हणा आणि वेळापत्रक जोडा.

तळाशी बारीक अक्षरं. आकड्याची अट आकड्याच्या शेजारी, वाचता येईल अशा आकारात हवी.

इंधनाच्या गाड्या चालवणाऱ्यांना मागासलेलं ठरवणारी जाहिरात तर कधीच करू नका. ज्याला गाडी विकायची आहे तो आज तीच चालवतो आहे.

## पायरी ७: लाँच

यावर सगळ्यांत कमी लिहितो. नमनाला घडाभर तेल नको. मंचावरच्या भाषणांपेक्षा बाहेर उभ्या केलेल्या, चालवायला मिळणाऱ्या गाड्या जास्त ठेवा. लाँचच्या दिवशी या चार गोष्टी तयार नसतील तर तारीख पुढे ढकला: सर्व प्रकारांच्या किमती, डिलिव्हरीची खरी मुदत, प्रत्येक शोरूममध्ये डेमो गाडी आणि चार्जर बसवणाऱ्यांचं वेळापत्रक.

बुकिंग रद्द केल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे पावतीवरच छापा. बुकिंगचा आकडा मोठा दिसावा म्हणून अटी झाकल्या, तर रद्द होणाऱ्या बुकिंगची बातमी त्याहून मोठी होते.

तपासणी: लाँचच्या आदल्या आठवड्यात एखाद्या अनोळखी माणसाला ग्राहक म्हणून तीन शोरूममध्ये पाठवा. त्याने फोन करावा, टेस्ट ड्राइव्ह मागावी, घरच्या चार्जरची चौकशी करावी. कुठे अडलं ते बघा आणि ती दुरुस्ती आधी करा.

## पायरी ८: डिलिव्हरी आणि पहिला महिना

नवा मालक पहिल्या महिन्यात जे सांगेल ते ओळखीचे सगळे ऐकतात. शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात. म्हणून हा महिनाही प्रचारातच धरा.

गाडी द्यायच्या आधी घरचा चार्जर बसलेला हवा. डिलिव्हरीच्या दिवशी ॲप त्याच्याच फोनवर, त्याच्याच हाताने सुरू करून द्या. एका सार्वजनिक चार्जरवर त्याच्याबरोबर जाऊन पहिलं चार्जिंग करा. गाडीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते दाखवा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते आणि लोकांना ते रस्त्यावर कळतं. तीन दिवसांनी फोन करा, आणि पहिल्या लांबच्या प्रवासाआधी मार्ग आखून देण्याची तयारी दाखवा.

मालकांकडून अनुभव मागताना अडचणींसकट मागा. ‘महामार्गावर ठरल्यापेक्षा एक थांबा जास्त घ्यावा लागला, पण घरचं चार्जिंग सोयीचं आहे’ असं सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात. पैसे किंवा भेट देऊन मिळवलेला अभिप्राय असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

## पायरी ९: वाईट बातमीची तयारी

कुठेतरी एखादी इलेक्ट्रिक गाडी जळतानाचा व्हिडिओ फिरेल. गाडी तुमची असेल किंवा नसेलही, फोन तुमच्याकडे येतील. त्या दिवशी उत्तर शोधत बसू नका.

‘आमच्या गाडीला आग लागूच शकत नाही’ हे वाक्य कोणीही, कधीही बोलायचं नाही. कुठल्याही गाडीबद्दल ते खरं नसतं. लिथियम-आयन बॅटरीत आतली उष्णता एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये पसरत जाऊ शकते, आणि विझलेली आग काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. बॅटरी कोणत्या सुरक्षा चाचण्यांतून गेली आहे, गाडी कोणती सूचना देते, आणि सूचना दिसल्यावर काय करायचं, ते सांगा: थांबा, सगळ्यांना उतरवा, दूर जा, अग्निशमन दलाला कळवा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे आवर्जून सांगा.

बचाव पथकांसाठी गाडीचं माहितीपत्रक तयार करा. उच्च दाबाच्या तारा कुठून जातात आणि वीजप्रवाह कुठून तोडायचा, हे त्यात दाखवतात. त्याच्या मांडणीसाठी आयएसओ १७८४० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. गाडी विक्रीला येण्याआधी हे पत्रक जिथे गाडी विकणार तिथल्या अग्निशमन दलांपर्यंत पोहोचवा.

गाड्या परत बोलवायची वेळ आली, तर मालकांना बातम्यांच्या आधी तुमच्याकडून कळलं पाहिजे.

## पायरी १०: काय मोजायचं

जाहिरात किती जणांनी पाहिली, हा आकडा जाहिरात संस्था देईलच. त्याच्या जोडीला हे मोजा: चौकशी करणाऱ्यांपैकी किती जणांनी गाडी चालवली, चालवणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतली, बुकिंग आणि चार्जर बसणं यात किती दिवस गेले, बुकिंग किती आणि कोणत्या कारणाने रद्द झाली, आणि किती नवे ग्राहक जुन्या मालकाच्या सांगण्यावरून आले.

रद्द करणाऱ्या प्रत्येकाला फोन करा आणि कारण त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. चौकशी भरपूर पण ड्राइव्ह कमी असतील, तर डेमो गाड्या अपुऱ्या आहेत किंवा वेळ मिळत नाही. ड्राइव्ह भरपूर पण बुकिंग कमी असेल, तर पाचव्या पायरीचा क्रम तपासा. बुकिंग होऊन रद्द होत असतील, तर बहुतेक वेळा अडचण चार्जर बसवण्यात असते.

सॉफ्टवेअर बदललं, टायरचा प्रकार बदलला, हवामान बदललं की पायरी १ चा कागद पुन्हा मोजा, त्यावर नवी तारीख घाला आणि जुन्या प्रती शोरूममधून परत मागवा.